‘स्वामी’ कादंबरी : सत्तेची तहान आणि सत्तेचें ओझें

मराठींत ऐतिहासिक कादंबरीची परंपरा मोठी आहे. हरि नारायण आपटे यांनीं ती रुजविली. पुढें अनेकांनीं तिची जोपासना केली. आणि आपल्याच जिल्ह्यांतील, चंदगड तालुक्यांतल्या कोवाड गांवचे सुपुत्र रणजित देसाई यांनीं तिला नवें तेज आणलें. त्यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ सालीं प्रसिद्ध झाली, आणि १९६४ सालीं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. थोरल्या माधवराव पेशव्यांचें अल्प परंतु तेजस्वी आयुष्य हा तिचा विषय होय. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं ती वाचली असेल, आणि पुष्कळांच्या मातापित्यांनीं ती त्यांच्याआधीं वाचली असेल.

माधवराव व रमाबाई यांच्या प्रेमाची करुण कथा म्हणूनच ही कादंबरी बहुधा वाचली जाते. तसें वाचण्यांत कांहीं गैर नाहीं. परंतु या कथेच्या पोटांत दुसरी एक कथा आहे, आणि ती शाळेंत शिकणाऱ्या व उद्यां नागरिक होणाऱ्या मुलामुलींनीं अधिक लक्षपूर्वक वाचावी अशी आमची इच्छा आहे. ही दुसरी कथा म्हणजे सत्तेच्या तहानेची. एकाच वाड्यांत, एकाच रक्ताचीं दोन माणसें राहतात. एकाला सत्ता हवीहवीशी वाटते, दुसऱ्याला ती वाहावी लागते. या दोघांतील भेद नीट समजला, तर कादंबरी वाचल्याचें खरें सार्थक झालें असें आम्ही समजूं.

मात्र आरंभींच एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कादंबरी म्हणजे बखर नव्हे. पात्रांच्या मनांतील विचार, त्यांचे एकांतांतील संवाद हे लेखकाच्या प्रतिभेचें देणें असतें. म्हणून खालीं आम्हीं जेथें सन आणि घटना दिल्या आहेत, त्या इतिहासाच्या आधारें दिल्या आहेत.

१. पानिपतानंतरचें घर

१७६१ च्या जानेवारीच्या १४ तारखेस पानिपतावर मराठ्यांचा घोर पराभव झाला. विश्वासराव व सदाशिवरावभाऊ पडले. त्या धक्क्यानें खचलेले नानासाहेब पेशवे त्याच वर्षीच्या जूनमध्यें निवर्तले. तिजोरींत कर्ज, सरहद्दीवर निजाम, दक्षिणेंत हैदर, आणि गादीवर सोळा वर्षांचा मुलगा, अशी राज्याची स्थिति होती. तो मुलगा म्हणजे माधवराव. कारभार पाहण्यासाठीं त्याच्या शेजारीं चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, होते. त्यांचें वय तेव्हां सव्वीस वर्षांचें होतें.

राघोबादादांस केवळ दुष्ट मानणें हा वाचनांतील आळस होय. १७५८ सालीं लाहोरपर्यंत धडक मारून मराठ्यांचा दरारा अटकेपर्यंत पोंचविणाऱ्या मोहिमेचे ते सेनापति होते. अंगांत शौर्य होतें, नांवाला वलय होतें, सैनिकांत वजन होतें. आणि नेमकी येथेंच या पाठाची सुरुवात होते. सत्तेची तहान बहुधा नालायकाला लागत नाहीं. ज्याच्या अंगीं कांहीं गुण असतात त्यालाच ती लागते. आपण केलेल्या कामाचा हिशेब तो मनांत मांडूं लागतो. ‘राज्य आम्हीं वाढविलें आणि मसनदीवर बसला तो पोर!’ असा विचार एकदां मनांत शिरला, कीं सांभाळण्यासाठीं सोंपविलेली ठेव आपल्याच मालकीची वाटूं लागते. पालकत्व आणि मालकी यांतील रेषा येथें पुसली जाते.

२. तहानेचीं लक्षणें

वैद्य जसा रोग लक्षणांवरून ओळखतो, तशी सत्तातृष्णाहि लक्षणांवरून ओळखतां येते. राघोबादादांच्या चरित्रांत तीं लक्षणें एकामागून एक दिसतात.

पहिलें लक्षण असें, कीं सत्तेसाठीं हपापलेला मनुष्य घरच्या भांडणांत परक्याला बोलावतो. १७६२ सालीं चुलत्या-पुतण्यांचें बिनसलें, तेव्हां दादांनीं निजामाची मदत मागितली आणि तिच्या मोबदल्यांत मुलूख देऊं केला. ज्या निजामापासून राज्य राखावयाचें, त्यालाच राज्याचा लचका देण्याची ही तयारी. नोव्हेंबर महिन्यांत आळेगांव येथें माधवरावांचा पराभव झाला.

दुसरें लक्षण असें, कीं सत्ता हातीं येतांच तिचा पहिला उपयोग जुने हिशेब चुकते करण्याकडे होतो. आळेगांवानंतर कारभार दादांच्या हातीं आला. जुने अधिकारी दूर झाले, मर्जींतील माणसें पुढें आलीं. याची झळ आपल्या शेजारच्या मिरजेलाहि लागली. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन हे माधवरावांच्या बाजूचे. दादांनीं त्यांच्यावर चालून जाऊन मिरज घेतली. राज्याचा एक इमानी सरदार अशा रीतीनें निजामाच्या गोटांत ढकलला गेला. परिणाम काय झाला? १७६३ सालीं निजाम व नागपूरकर भोसले यांच्या फौजा थेट पुण्यावर आल्या आणि पुणें लुटलें गेलें. एका माणसाच्या सूडाची किंमत कसबा-शनिवारांतल्या गोरगरीब रहिवाशांनीं भरली. सत्तेच्या स्पर्धेंत नेहमींच असें घडतें; डाव वाड्यांत मांडला जातो आणि घरें पेठांतलीं जळतात.

तिसरें लक्षण अधिक सूक्ष्म आहे, आणि कादंबरीकारानें तें फार कौशल्यानें दाखविलें आहे. दादांना वारंवार पश्चात्ताप होतो. पुतण्याविषयीं त्यांच्या मनांत माया आहे; ती खोटी नाहीं. परंतु हा पश्चात्ताप टिकत नाहीं. खुषमस्करे भोंवतीं जमले, कोणी जुनी जखम उघडली, कीं तीच तहान पुन्हा लागते. राक्षसभुवनच्या लढाईंत, १७६३ च्या ऑगस्टमध्यें, चुलत्या-पुतण्यांनीं मिळून निजामाला धूळ चारली. तेथें हें भांडण मिटावयास हवें होतें. पण पुढें पुन्हा अर्ध्या राज्याची मागणी आली, पुन्हा फौजा जमल्या, आणि अखेर १७६८ च्या जूनमध्यें धोडप येथें माधवरावांना आपल्या चुलत्याचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेवावें लागलें. सत्तेची तहान खाऱ्या पाण्यानें भागविण्यासारखी आहे. जितकें प्यावें तितका घसा सुकतो.

३. माधवराव हुकूमशहा नव्हते काय?

आमच्या वर्गांत चर्चा झाली तर एखादी चौकस मुलगी खचित विचारील : ‘गुरुजी, माधवरावांनींहि चुलत्याला कैदेंत टाकलें. दादांच्या मदतीस आलेल्या गंगोबातात्यांनाहि कैद झाली, जबर दंड झाला. त्यांचा शब्द मोडण्याची कोणाची छाती नव्हती. मग एकाला सत्तेचा भुकेला म्हणावयाचें आणि दुसऱ्याला आदर्श, हा न्याय कोणता?’ हा प्रश्न योग्य आहे, आणि आदरापोटीं तो टाळणें बरें नव्हे. माधवराव कडक होते, रागीट होते, आणि त्यांची शिक्षा कित्येकदां कठोर असे. मग फरक कोठें आहे? आमच्या मतें तो तीन कसोट्यांवर दिसतो.

पहिली कसोटी ही, कीं राज्य वांचावें म्हणून मनुष्य स्वतः खालीं उतरावयास तयार आहे काय? आळेगांवच्या पराभवानंतर माधवराव पळून जाऊं शकले असते. आणखी वर्ष-दोन वर्षें यादवी चालवूं शकले असते. त्यांनीं तसें केलें नाहीं. ते आपण होऊन चुलत्याच्या गोटांत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. सतरा वर्षांच्या पेशव्यानें मान खालीं घातली, कारण दौलतीचे दोन तुकडे होणें त्यांना स्वतःच्या अपमानाहून वाईट वाटलें. हीच गोष्ट राघोबादादांना आयुष्यांत एकदांहि साधली नाहीं.

दुसरी कसोटी ही, कीं तोंडावर खरें बोलणारा मनुष्य जवळ टिकतो काय? न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची गोष्ट परंपरेनें सांगितली जाते. तरुण पेशवे स्नानसंध्येंत फार वेळ घालवूं लागले, आणि दाद मागावयास आलेले लोक ताटकळत राहूं लागले; तेव्हां शास्त्रीबुवांनीं त्यांस स्पष्ट सांगितलें, कीं धर्मकृत्येंच करावयाचीं असतील तर पेशवाई सोडून काशीची वाट धरावी; राज्य पत्करलें आहे तर रयतेचा न्याय करणें हीच पूजा. माधवरावांनीं हा बोल मानला आणि आपला क्रम बदलला. शास्त्रीबुवांचें पद गेलें नाहीं; उलट वाढलें. ज्या सत्ताधीशाभोंवतीं केवळ मान डोलावणारे उरतात, त्याचा ऱ्हास सुरू झाला असें समजावें.

तिसरी कसोटी ही, कीं नियम स्वतःच्या घराला लागू होतो काय? मातोश्री गोपिकाबाई यांचा राज्यकारभारांत हात असे आणि आपल्या माहेरच्या माणसांकडे त्यांचा ओढा असे. माधवरावांनीं आईचा मान राखला, पण तिच्या शब्दाखातर न्याय वाकविला नाहीं. मायलेकांत अंतर पडलें आणि गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या. तसेंच अधिकाऱ्यांनीं गरिबांना वेठीस धरून फुकट राबवावें ही चाल त्यांनीं बंद केली. वेठबिगार म्हणजे लहानशा अधिकाऱ्याची लहानशी हुकूमशाही. मोठ्या सत्ताधीशाविरुद्ध बोलणारे पुष्कळ असतात. परंतु आपल्या हाताखालच्या शंभर लहान जुलुमांना आळा घालणारा राजा विरळा.

४. कादंबरी जेथें संपते तेथून पुढें

क्षयानें खंगलेल्या माधवरावांनीं १७७२ च्या नोव्हेंबरच्या १८ तारखेस थेऊर येथें देह ठेवला. तेव्हां त्यांचें वय सत्तावीस वर्षांचें होतें. मृत्यूपूर्वीं त्यांनीं धाकट्या भावाला, नारायणरावाला, राघोबादादांच्या हातीं सोंपविलें. रमाबाई सती गेल्या, आणि तेथें ‘स्वामी’ संपते. विचारी वाचकानें मात्र येथें पुस्तक मिटूं नये.

थेऊरला दिलेलें वचन दहा महिनेहि टिकलें नाहीं. १७७३ च्या ऑगस्टच्या ३० तारखेस शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणरावाचा खून केला. ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्या आनंदीबाईंची लोककथा सर्वांस ठाऊक आहे. ती खरी असो वा नसो, तिचा एक दुरुपयोग होतो. पुरुषाच्या बारा वर्षांच्या लोभाचा दोष एका अक्षरावर आणि एका स्त्रीवर ढकलून लोक मोकळे होतात. पुतण्याला ‘धरावें’ हा हुकूम तरी कोणाचा होता? अक्षर बदलण्यापूर्वींच मन बदललें होतें.

रामशास्त्र्यांनीं चौकशी केली, नव्या पेशव्याच्या तोंडावर त्याला दोषी ठरविलें, या पापाला देहान्तावांचून प्रायश्चित्त नाहीं असें सांगितलें, आणि पुणें सोडलें. माधवरावाजवळ टिकलेला तोच सत्यवक्ता राघोबाजवळ टिकूं शकला नाहीं. दुसऱ्या कसोटीचें याहून स्पष्ट उत्तर कोणतें असूं शकेल?

पुढची गोष्ट आणखी शोचनीय आहे. बारभाईंनीं विरोध केल्यावर गादी टिकविण्यासाठीं दादा इंग्रजांकडे गेले, आणि १७७५ सालीं सुरतेच्या तहांत त्यांनीं साष्टी व वसई त्यांना देऊं केली. ही वसई कोणी मिळविली होती? १७३९ सालीं असंख्य माणसांचें रक्त सांडून ती चिमाजीअप्पांनीं घेतली होती. चिमाजीअप्पा हे राघोबादादांचे सख्खे चुलते. १७४० सालीं थोरले बाजीराव वारले, तेव्हां तेहि राघोबादादांच्याच जागीं होते. पराक्रम मोठा, पुतण्या तरुण. त्यांनीं नानासाहेबाला पेशवाईचीं वस्त्रें मिळावीं म्हणून खटपट केली, आणि त्याच वर्षाअखेर शांतपणें जगाचा निरोप घेतला. एकाच घराण्यांतील हे दोन चुलते. एकानें जिंकलेली वसई दुसऱ्यानें कागदावर देऊन टाकली.

सात वर्षें युद्ध चाललें. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई परत मिळाली, पण साष्टी गेली ती गेलीच. राघोबादादा तनखा घेऊन कोपरगांवास राहिले आणि १७८३ सालीं तेथेंच वारले. जिच्यासाठीं पुतण्याचा प्राण गेला, ती पेशवाई त्यांच्या हातीं वर्षभरहि सुखानें नांदली नाहीं. त्यांचा पुत्र दुसरा बाजीराव यानें १८०२ सालीं त्याच वसईस इंग्रजांशीं तह केला, आणि १८१८ सालीं पेशवाई बुडाली.

येथें माधवरावांच्या गौरवालाहि एक मर्यादा पडते, ती मान्य केली पाहिजे. राज्याचा सगळा भार एका माणसाच्या चांगुलपणावर होता. तो माणूस गेला, आणि वर्षाच्या आंत सर्व ढासळलें. चांगला सत्ताधीश हें वाईट सत्ताधीशावरचें औषध नव्हे. तो केवळ दोन दुखण्यांमधील आराम होय. म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४९ च्या नोव्हेंबरच्या २५ तारखेस घटनासमितींत इशारा दिला, कीं धर्मांतील भक्ति तारक ठरूं शकेल, परंतु राजकारणांतील व्यक्तिपूजा अधःपाताकडे आणि शेवटीं हुकूमशाहीकडे नेते. १९३३ सालीं जर्मनींत हिटलर सत्तेवर आला तो फौज घेऊन नव्हे, रीतसर नेमणुकीनें आला. लोकांनीं आपला विवेक एका माणसाच्या स्वाधीन केला, मग पुढचें सारें घडलें.

५. शास्त्रांतील आणि करवीरांतील दाखले

पवित्र शास्त्राचे वाचक हीच कथा शमुवेलाच्या पुस्तकांत ओळखतील. शौल राजा गुणी होता, पण तरुण दाविदाची कीर्ति ऐकून त्याचें मन पोखरलें गेलें आणि त्यानें भाला उचलला. दाविदाला मात्र गुहेंत शौलाचा प्राण घेण्याची संधि मिळाली असतां त्यानें केवळ झग्याचा कांठ कापला. त्याच दाविदाचा पुत्र अबशालोम वेशीपाशीं उभा राहून, दाद मागावयास येणाऱ्यांना आपण न्यायाधीश असतों तर काय काय केलें असतें तें गोड शब्दांत सांगत असे. त्याचा शेवट बापाच्या अश्रूंत झाला. आणि याकोब व योहान हे प्रभूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागावयास आले, तेव्हां प्रभूनें त्यांस शिकविलें, कीं ज्याला थोर व्हावयाचें असेल त्यानें सर्वांचा सेवक व्हावें. पुढें त्यानें कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. सत्तेविषयींचा इतका छोटा आणि इतका पुरता पाठ आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं.

आपल्या करवीरनगरीनें दोन्ही प्रकार पाहिले आहेत. १७१४ सालीं पन्हाळ्यावर राजसबाईंच्या पक्षानें ताराबाई व त्यांच्या पुत्राला कैदेंत टाकून गादी बदलली. आणि याच राज्यांत, १९२० च्या मार्चमध्यें माणगांवच्या परिषदेंत, राजर्षि शाहू छत्रपतींनीं दलित समाजाला सांगितलें, कीं तुमचा पुढारी तुम्हांला तुमच्यांतूनच, आंबेडकरांच्या रूपानें, लाभला आहे. राजानें आपल्या प्रजेला दुसरा नेता दाखवून द्यावा आणि त्यांत आनंद मानावा! सत्तेची तहान नसलेला मनुष्य असा असतो.

६. आपला धडा

मुलांनो, तुम्हांपैकीं कोणाच्या हातीं राज्य नाहीं; पण वर्गनायकाची वही आहे, संघाचें कप्तानपद आहे, स्नेहसंमेलनांतील प्रमुख भूमिका आहे. फळ्यावर कोणाचीं नांवें लिहावयाचीं हें ठरविणें हीहि सत्ताच. ज्यानें आपल्या मित्राचें नांव वगळलें आणि नावडत्याचें घातलें, त्यानें मिरजेवर लहानशी स्वारी केली असें समजावें. ज्यानें पद गेल्यावर नव्या नायकाला मनापासून साहाय्य केलें, तो चिमाजीअप्पांच्या वाटेनें गेला.

मातापित्यांनाहि एक विनंती आहे. घरांत मुलानें नम्रपणें विचारलेला ‘कां?’ हा उर्मटपणा समजूं नये. ज्या घरांत रामशास्त्र्याला जागा नसते, त्या घरांतून एक तर भित्रे निघतात किंवा जुलमी.

अभ्यासासाठीं शेवटीं चार प्रश्न देतों. त्यांचीं उत्तरें वहींत लिहावींत आणि घरीं वडील मंडळींशीं बोलून पाहावींत.

(१) आळेगांव येथें माधवराव शरण गेले नसते, तर राज्याचा लाभ झाला असता कीं हानि?

(२) राघोबादादांचा पश्चात्ताप खरा होता असें मानल्यास तो टिकला कां नाहीं?

(३) धोडपनंतर चुलत्याला नजरकैदेंत ठेवणें न्याय्य होतें काय? दुसरा कोणता मार्ग होता?

(४) कादंबरीचें नांव ‘स्वामी’ असें आहे. हा स्वामी कोणाचा? राज्याचा, रमाबाईंचा, कीं स्वतःच्या मनाचा?

चौथ्या प्रश्नाचें आमचें उत्तर आम्ही मुद्दाम देत नाहीं. एवढेंच सुचवितों, कीं राघोबादादांनीं लाहोर जिंकलें, मिरज जिंकली, एकदां पेशवाईहि जिंकली. स्वतःवर मात्र त्यांना एक दिवसहि स्वामित्व मिळवितां आलें नाहीं.